पहिल्या टप्प्यावरचा नऊ

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवर आमच्या वस्तीकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या पहिल्या टप्प्यावर, भिंतीवरच्या आठ आकडी संख्येतला तिसरा आकडा बदलला. नऊ होता, एक झाला. या वर्षी जूनमध्ये माझ्या मोठ्या बहिणीची बदली झाली आणि वस्तीतल्या विहारात ती रोज सकाळी घेत असलेला गणिताचा वर्ग बंद पडला. पहिल्या घटनेतून दुसरी कशी निघाली ते इथे लिहिले आहे. जे मी पाहिले ते तसे सांगितले आहे. जे बहिणीकडून कळले तिथे तसा उल्लेख केला आहे.

संख्या अशी होती: ७३९३९१३३. वाचायची तर सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. केवळ तेवढ्यासाठी ती भिंतीवर आली नसती. मूळ संख्या कितीही सापडतात, हिच्याहून कितीतरी मोठ्याही. हिचा गुण वेगळा आहे. हिच्या उजवीकडचा शेवटचा आकडा पुसला की ७३९३९१३ उरते आणि तीही मूळ असते. आणखी एक पुसला की ७३९३९१, तीही मूळ. मग ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी ७. एकही फुटत नाही. ‘फुटणे’ हा बहिणीच्या वर्गातला शब्द. भाग गेला की संख्या फुटली. असा गुण असलेल्या संख्या मोजक्याच आहेत आणि त्यांत ही सर्वांत मोठी. हिच्या उजवीकडे कोणताही आकडा जोडा, ती फुटते. १ किंवा ७ जोडला तर तीनने लगेच भाग जातो. ३ आणि ९ जोडले तर फोडायला वेळ लागतो, पण फुटतात.

रस्त्यापासून विहारापर्यंतच्या आमच्या पायऱ्यांना आठ टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर पायऱ्या वळतात आणि वळणावर एक भिंत येते. बहिणीला ही संख्या सापडल्यावर हे टप्पे आठवले की टप्प्यांवरून ही संख्या शोधली, ते तिलाही नीट सांगता येत नाही. सर्वांत खाली, रस्त्यालगत, पूर्ण संख्या. वर चढताना प्रत्येक टप्प्यावर एक आकडा कमी. विहाराच्या दाराशी फक्त सात.

मुले शाळेला उतरायची तेव्हा संख्या वाढत जायची, घरी चढायची तेव्हा कमी होत जायची. वर्गातला खेळ उतरतानाचा होता. सातपासून सुरू करायचे आणि पुढचा आकडा कोणता चालेल ते सांगायचे. सम आकडे नाहीत, पाच नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळते. उरतात एक, तीन, सात, नऊ. ७३९ पर्यंत आल्यावर एक जोडला तर ७३९१ होते, ती १९ ने फुटते. सात जोडला तर १३ ने. नऊ जोडला तर साध्या सातने. फक्त तीन चालतो. सहावीतल्या मुलांनी हे एकेक करून फोडून पाहिले होते. प्रत्येक नव्या संख्येवर पहिली परीक्षा एकच: आकड्यांची बेरीज करा, बेरजेला तीनने भाग जातो का पाहा. ती परीक्षा पायरीवर उभ्या उभ्या, दप्तर पाठीवरून न उतरवता होते.

बहीण टेकडीच्या पायथ्याशी एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवत होती. शाळा चालवणाऱ्या शिक्षण संस्थेच्या उपनगरांत आणखीही शाळा आहेत. शाळा भरण्याआधी ती विहारात वर्ग घ्यायची, फी न घेता. वस्तीतल्या पोरांना अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या क्लासला पाठवणे कोणालाही परवडत नव्हते. तिच्या वर्गातली काही मुले डिप्लोमाला गेली, दोन मुली बँकेत लागल्या, एक मुलगा नापास झाला आणि पुन्हा वर्गात येऊन बसला. तो वर्ग चालू राहावा, एवढीच तिची इच्छा होती. पर्यवेक्षिका व्हायची संधी तिने एकदा नाकारली होती, कारण पर्यवेक्षिकेला सकाळी लवकर शाळेत हजर राहावे लागते.

वस्तीतली बहुतेक घरे मराठवाडा आणि विदर्भातून आलेल्या बौद्धांची. पलीकडच्या गल्लीत गिरण्या बंद झाल्यावर लालबाग-परळमधून सरकत आलेली कोकणातली काही कुटुंबे आहेत. एप्रिलमध्ये जयंतीला आमच्याकडे अठरा तास अभ्यास करायची पद्धत आहे. मिरवणूक संध्याकाळी निघते ती निघतेच, पण सकाळपासून विहारात सतरंज्या पडतात आणि लहानथोर सगळे वह्यापुस्तके घेऊन बसतात. ज्यांच्या शाळा कधीच सुटल्या तेही बसतात. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी बहिणीने ठरवले की या वर्षी सगळ्यांनी मिळून एकच अभ्यास करायचा. ही संख्या मूळ आहे की नाही हे तपासायचे.

मी तिला म्हणालो, “ताई, हे जगाला माहीत आहे. कुठेही शोधलं तर मिळेल.”

ती म्हणाली, “जगाला माहीत आहे रे. आपण तपासलंय का?”

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी करतो. आलेले तपासणे हे तिथे माझेच काम आहे.

तपासण्याची रीत सोपी आहे आणि कंटाळवाणी आहे. एखादी संख्या फुटत असेल तर तिचा एक तरी भाजक तिच्या वर्गमुळाच्या आत असतो. या संख्येचे वर्गमूळ साडेआठ हजारांच्या थोडे पुढे आहे. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे. त्या हजाराच्या वर भरतात. बहिणीने त्यांच्या पट्ट्या कापून वाटल्या. नियम दोनच. मोबाइल दाराबाहेरच्या टोपलीत ठेवायचा. आणि प्रत्येक भागाकार दोघांनी वेगवेगळा करायचा, मग बाकी जुळवायची.

दुपारी जेवणानंतर पलीकडच्या गल्लीतले एक काका आले. मालवणचे, गिरणीतून बाहेर पडल्यावर बरीच वर्षे वॉचमनची नोकरी केलेले. दारात उभे राहून म्हणाले, “काय गो, मास्तरणी, सगळ्या वस्तीक शिक्षा दिलंस?”

“तुम्हीपण बसा काका. जागा आहे.”

“माका भागाकार येतत. पण पाट दुखता.”

“भिंतीला टेका.”

काका टेकले. त्यांना १००९ आले. बऱ्याच वेळाने त्यांनी पेन्सिल खाली टाकली आणि शांतपणे म्हणाले, “गेलो भाग. बाकी शून्य. उठा, घराक चला.”

विहारात गलका झाला. कोणी म्हणाले, वाट लागली. मुले काकांच्या कागदावर वाकली. १००९ ची दुसरी पट्टी ज्या बाईंकडे होती, त्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, “माझी बाकी सहाशे बावीस आहे. मी दोनदा केलंय.”

“तुमचां चुकला आसतला.”

“माझं? बघा हं काका, पैज लावू नका.”

बहिणीने काकांचा कागद घेतला. शेवटच्या पायरीत ९७०३ मधून ९०८१ वजा करायचे होते. काकांनी वरही ९०८१ लिहिले होते आणि खालीही.

“काका, तुम्ही ९०८१ मधून ९०८१ वजा केलेत. असं केलं तर कुठल्याही संख्येला कशानेही भाग जाईल.”

“मगे जांवदे ना,” काका म्हणाले. “माका वाटला सुटलंव.”

हसण्यात बराच वेळ गेला. नंतर काकांनी दुसरी पट्टी मागून घेतली आणि मिरवणूक निघायच्या वेळेपर्यंत बसले. त्या दिवशी एकही भाग गेला नाही. जिथे दोघांच्या बाक्या जुळल्या नाहीत, तिथे तिसऱ्याने भागले. वस्तीने खात्री करून घेतली की संख्या मूळ आहे. मी अनेक संपादकांच्या हाताखाली काम केले आहे. एवढी काळजीपूर्वक तपासलेली गोष्ट माझ्या टेबलावर कधी आलेली नाही.

मे महिन्यात भिंती रंगवल्या. कोणाच्या घरचा उरलेला निळा ऑइलपेंट, कोणाचा पांढरा. आकडे देवनागरी असावेत हा बहिणीचा आग्रह, कारण शाळा मराठी होती आणि देवनागरी आकडे मुलांना दुकानांच्या पाट्यांवरही दिसेनासे झाले होते. सुरुवातीला पार्सलवाले खाली थांबून विचारायचे, हा कोणाचा नंबर आहे, दोन आकडे कमी दिसतात. आईला तो प्रश्न इतक्यांदा ऐकावा लागला की ती सांगायची, “वर चढ, अजून कमी होतील.”

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये एका कंपनीच्या सामाजिक निधीतून टेकड्यांवरच्या वस्त्या रंगवायचे काम सुरू झाले. कंपनीचे नाव इथे देत नाही. त्याने काही बदलत नाही. या निधीच्या सल्लागार मंडळावर बहिणीच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष होते. आमच्या पायऱ्यांना त्यांनी ‘मूळ संख्यांचा जिना’ असे नाव दिले. समन्वयक येऊन आईशी आणि बहिणीशी गोड बोलून गेले. संख्या तशाच ठेवू, फक्त रंग चांगला लावू, आजूबाजूला फुले काढू, असे म्हणाले. बहीण खूश होती. हे मी पाहिले आहे.

रंगवला गेला फक्त पहिला टप्पा. रस्त्यावरून तेवढाच दिसतो. फोटो तिथेच काढायचे होते. वरच्या सात टप्प्यांवर आमचा जुना निळा रंग राहिला. पहिल्या टप्प्याचे काम चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीने केले. जुना मजकूर खरवडायच्या आधी तिने मोबाइलवर फोटो काढला होता. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल धरली होती आणि तिसऱ्या आकड्यावर डाग आला होता. तिने नऊचा एक लिहिला. देवनागरीत दोन्हींत एका वळणाचा फरक आहे. ७३१३९१३३.

ते प्रथम वर्गातल्या एका मुलीच्या लक्षात आले. शाळेला उतरताना तिने आकड्यांची बेरीज केली, सवयीने. जिथे अडतीस यायला हवे होते तिथे तीस आले. ती उलट वर चढून विहारात आली आणि बहिणीला म्हणाली, “मॅडम, खालची फुटली.”

बहिणीने रंगवणाऱ्या मुलीला फोन केला. ती बिचारी लगेच म्हणाली, “सॉरी मॅडम, मी उद्याच येऊन करते.” ती आली नाही. समन्वयकांनी तिला थांबवले होते. बहिणीने त्यांना फोन केला तेव्हा मी शेजारी होतो आणि फोन स्पीकरवर होता.

समन्वयक म्हणाले, “मॅडम, आता हात नाही लावता येणार. ब्रोशर छापून आलंय. कव्हरवर तीच भिंत आहे.”

“पण त्यातली संख्या चुकीची आहे.”

“हो, पण ब्रोशरमध्ये आहे ती आणि भिंतीवर आहे ती सेम पाहिजे ना. उद्या कोणी टॅली केलं तर?”

“मग दोन्ही बदला.”

“मॅडम, प्लीज. एवढं छान काम झालंय.”

रंगवणाऱ्या मुलीवर माझा राग नाही. चूक तिची होती आणि ती दुरुस्त करायला ती तयार होती. माझा राग त्या वाक्यापासून सुरू होतो. भिंत पुस्तिकेशी जुळली पाहिजे. संख्या कशाशीही जुळली नाही तरी चालेल.

दिवाळीनंतर उद्घाटन झाले. रस्त्यावर मांडव टाकला होता. शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांनी भाषणात संख्या वाचून दाखवली: सात कोटी एकतीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ही मूळ संख्या आहे आणि हिचे आकडे एकेक करून काढले तरी ती मूळच राहते, असे ते म्हणाले. टाळ्या झाल्या. वस्तीतली मुले मांडवाच्या मागच्या रांगेत होती. त्यांतली काही हसली. त्यांना गप्प करायला एक शिक्षक मागे गेले.

पाहुण्यांपैकी कोणी पहिल्या टप्प्याच्या वर चढले नाही. चढले असते तर दुसऱ्या टप्प्यावर त्यांना ७३९३९१३ दिसली असती. खालच्या संख्येतून शेवटचा आकडा काढला की ७३१३९१३ उरते. ही ती नव्हे, हे ओळखायला गणित लागत नाही. पायऱ्यांचा एक वळसा चढावा लागतो.

माझ्या वर्तमानपत्राने प्रसिद्धिपत्रक फोटोसकट छापले. छापल्यावर मी शहर पान पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे गेलो आणि खुलासा छापायला सांगितले.

तो म्हणाला, “प्रसिद्धिपत्रकात तसंच आहे.”

“प्रसिद्धिपत्रक चुकलंय. तीनने भाग जातो. बेरीज कर.”

त्याने बेरीज केली. मग म्हणाला, “यार, तुझी बहीण आहे ना त्यात? मग तू यात पडू नको. आणि खुलासा त्यांनी मागायला पाहिजे. त्यांनी मागितलाय का?”

त्यांनी मागितला नव्हता. खुलासा छापला गेला नाही.

त्यानंतर बहिणीने पत्रे लिहिली. निधीला, संस्थेला. उत्तर एकाच पत्राचे आले: सदर कलाकृतीसंबंधी आपली सूचना नोंदवून घेण्यात आली आहे. फेब्रुवारीपर्यंत काही झाले नाही. वर्गातली मुले रोज त्या भिंतीपाशी थांबायची आणि रोज विचारायची. बहीण त्यांना काय उत्तर द्यायची ते मी एकदाच ऐकले. “मोठ्या माणसांना वेळ लागतो,” ती म्हणाली. एक मुलगा म्हणाला, “बेरजेला?”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी ती ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी घेऊन खाली उतरली. मी तिच्याबरोबर होतो. तिने एकाला एक वळण जोडले. नऊ झाला. रस्त्यावर भाजीवाले होते, रिक्षा उभ्या होत्या, दूध घेऊन जाणारी माणसे होती. लपवण्यासारखे काही नव्हते. कोणीतरी मोबाइलवर शूट केले. संध्याकाळपर्यंत ते शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर होते, खाली अंगठे आणि टाळ्या. दुसऱ्या दिवशी ते संस्थेच्या कार्यालयात पोहोचले.

नोटिशीत दोन आरोप होते. देणगीदारांच्या कलाकृतीचे विद्रूपीकरण, आणि संस्थेच्या प्रतिष्ठेस बाधा येईल असे वर्तन. नोटिशीत संख्येचा उल्लेख नव्हता. चौकशीच्या बैठकीला संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि शाळेचे मुख्याध्यापक असे तिघे होते. मला आत बसायची परवानगी नव्हती. तिथे झालेले बोलणे बहिणीने त्याच संध्याकाळी घरी सांगितले, ते असे.

सचिव म्हणाले, “मॅडम, एका आकड्याने काय फरक पडतो?”

“सर, त्या संख्येला तीनने भाग जातो.”

“जाऊ दे ना मग. कोणाचं काय बिघडलं?”

“अध्यक्षसाहेबांनी ती मूळ आहे असं सांगितलंय. मुलांसमोर.”

अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे मी खोटं बोललो?”

“तुम्हाला चुकीची दिली गेली, सर. तुमचा दोष नाही. सात, तीन, एक, तीन, नऊ, एक, तीन, तीन. बेरीज तीस येते. मुख्याध्यापकसर इथे आहेत, त्यांना विचारा.”

मुख्याध्यापक स्वतः वीस-बावीस वर्षे गणित शिकवलेले. बहीण म्हणाली, त्यांचे ओठ हलताना मला दिसले. त्यांनी बेरीज केली. मग त्यांनी समोरचा चहा उचलला.

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, “काय सर?”

मुख्याध्यापक म्हणाले, “प्रश्न संख्येचा नाही, साहेब. शिस्तीचा आहे.”

त्यावर सचिव म्हणाले, “तुम्हा लोकांना ना, मॅडम, कोणी चांगलं करायला गेलं की दोष काढायची सवय आहे.”

बहिणीने विचारले, “कुठल्या लोकांना, सर?”

बैठक संपली.

बैठकीचे इतिवृत्त नंतर तिला मिळाले. ते मी वाचले आहे. त्यात सचिवांचे ते वाक्य नाही आणि तिचा प्रश्नही नाही. बेरीजही नाही. ‘संबंधित शिक्षिकेने समाधानकारक खुलासा केला नाही’ असे आहे. सही करणाऱ्या तिघांत मुख्याध्यापक आहेत.

ती हे सांगत होती तेव्हा आई मेथी निवडत होती. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाली, “तो चहावाला मास्तर लग्नाला आला होता ना तुझ्या?”

“हो.”

“जेवूनपण गेला.”

मग तिने निवडलेली मेथी पुन्हा एकदा निवडली.

मला इतका राग त्या आधी कशाचा आला नव्हता आणि तो अजून उतरलेला नाही. सचिवांसारखी माणसे मी नोकरीत रोज पाहतो. त्यांना माहीत नसते आणि माहीत करून घ्यायचेही नसते. मुख्याध्यापकांना माहीत होते. एक संख्या, आठ आकडे, एक बेरीज. हो म्हणायला एक शब्द लागत होता. त्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता, त्यांचे कोणी काही वाकडे करू शकत नव्हते. तरी त्यांनी हिशेब मनात ठेवला आणि चहा प्यायले. मुलांना आयुष्यभर भागाकार शिकवलेल्या माणसाने.

मार्चमध्ये भिंतीवर पुन्हा माणसे आली. या वेळी चित्रकलेची मुलगी नव्हती, रोजंदारीवरचे दोन रंगारी होते. त्यांच्या हातात पुस्तिका होती. कव्हर समोर धरून त्यांनी बहिणीने जोडलेले वळण रंगाने झाकले. मालवणच्या काकांनी त्यांना विचारले, “तुका म्हायत आसा काय पुसतंस ता?” रंगारी हिंदीत म्हणाला की त्याला फोटोसारखे करायला सांगितले आहे. काकांनी त्याला पाणी दिले. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, असे ते मला नंतर म्हणाले. “भांडूचां त्येंच्यावांगडा व्हयां, जे वर चडणत नाय.”

एप्रिलमध्ये जयंतीला अठरा तास अभ्यास झाला. बहिणीने वेगळा विषय घेतला. शाळेला सुट्टी लागण्याआधी बदलीचा आदेश हाती आला: संस्थेची गोराईची शाळा, नवीन शैक्षणिक वर्षापासून. घाटकोपरहून गोराईला जायचे तर बोरिवलीपर्यंत पोहोचून पुढे खाडीवरची फेरीबोट घ्यावी लागते, किंवा भाईंदरकडून रस्त्याने मोठा वळसा. शाळा सकाळची आहे. विहारातल्या वर्गाची वेळ ही आता तिच्या प्रवासाची वेळ आहे. आदेशात ‘प्रशासकीय सोय’ असे कारण दिले आहे.

तिने अपील केले आहे. त्याचा निकाल लागलेला नाही. मुख्याध्यापक जुलैत निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांचा गणिताचे व्रतस्थ अध्यापक म्हणून सत्कार झाला. फोटो संस्थेच्या पानावर आहे. शूट केलेला व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवरून काढून टाकण्यात आला.

बहीण तक्रार करत नाही. गोराईच्या मुलांविषयी बोलते. त्यांत कोळ्यांची मुले आहेत, शेतावर राबणाऱ्यांची आहेत. तिथे पायऱ्या नाहीत, असे ती एकदा म्हणाली. मी विचारले, मग? “धक्का आहे,” ती म्हणाली. “खांब मोजायचे आहेत अजून.”

विहारातला वर्ग दुसऱ्या कोणी घेतलेला नाही. बँकेतल्या दोघींपैकी एकीने रविवारी येऊन पाहिले, तिला जमले नाही. सकाळी विहाराला कुलूप असते. सातव्या इयत्तेतली जी मुलगी ‘खालची फुटली’ म्हणाली होती, ती आता आठवीत आहे आणि तिला मुलुंडच्या एका क्लासची माहितीपत्रिका मिळाली आहे. फी पाहून तिच्या आईने ती परत ठेवून दिली.

हे लिहिण्याआधी काल सकाळी मी पायऱ्या उतरून पाहिल्या. विहाराच्या दाराशी ७ आहे. त्याखाली ७३, ७३९, ७३९३, ७३९३९, ७३९३९१ आणि ७३९३९१३. निळा रंग काही ठिकाणी उडाला आहे, आकडे वाचता येतात. पहिल्या टप्प्यावर, रस्त्यालगत, फुलांच्या मधे ७३१३९१३३ लिहिलेले आहे. शेजारी निधीची पाटी आहे आणि पाटीवर ‘मूळ संख्यांचा जिना’ असे आहे. त्या संख्येला तीनने भाग जातो. भागाकार दोन कोटी त्रेचाळीस लाख एकोणऐंशी हजार सातशे अकरा. बाकी शून्य.